बेवारस सही

किराणा दुकानात पाऊल टाकलं की नाकेदारचाचा आधी पोत्यात सळई खुपसत. हातभर लांब, टोकाला अणकुचीदार, मुठीला कातडं गुंडाळलेली लोखंडी सळई. करोडगिरीच्या नाक्यावर त्यांनी वीस-बावीस वर्षं नोकरी केली, तेव्हाची. निजामी अमलात सोलापूरकडून येणारी प्रत्येक गाडी त्या नाक्यावर थांबायची, मालाची तपासणी व्हायची, जकात भरली की मग गाडी आमच्या मुलखात शिरायची. कडब्याखाली कापडाचे तागे दडवलेत का, हे कळायला सळई. पुढं अमल गेला, मुलूख विलीन झाला, नाका उठला. सळई तेवढी चाचांच्या हातात राहिली. उमरग्याच्या बाजारात ती टेकत ते चालायचे आणि दिसेल त्या पोत्यात सवयीनं खुपसायचे.

"चाचा, ज्वारी हाय ती! तिच्यात काय सोनं पुरलंय?" दुकानदार ओरडायचा.

चाचा सळई बाहेर काढत, टोक बोटानं पुसून बघत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "ज्वारीच हाय. बरोबर."

हे मी अनेक ठिकाणी सांगितलं आहे. शाळेत मधल्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर शिक्षकांच्या संमेलनात माईकवरून. लोक हसतात. चाचांच्या पावत्यांची गोष्ट सांगितली की जास्त हसतात. आता माझी नोकरी संपत आली. इतकी वर्षं चाचांचं निम्मंच सांगत आलो. उरलेलं निम्मं कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ते लिहायला बसलो आहे, आणि सुरुवात पुन्हा सळईपासूनच केली. सवय लागली आहे.

तर पावत्या. नाका बंद झाला तेव्हा कोऱ्या पावतीपुस्तकांचा एक गठ्ठा रद्दीत निघाला. चाचांनी तो मागून घेतला, आणि 'रद्दी दिली' अशी पावती वरच्या साहेबांकडून लिहून घेतली, तेव्हाच गठ्ठा उचलला. पिवळट कागद, वर उर्दू छपाई, एकाला एक जोडलेली दोन पानं. मधे निळा कार्बन घालायचा. वरचं पान गाडीवानाला, खालचं दफ्तरी. खालच्या पानाला ते मुसन्ना म्हणत. जगातली प्रत्येक गोष्ट दोन प्रतींत असावी असं त्यांचं ठाम मत होतं. न्हाव्यानं दाढी केली की पैसे देऊन पावती मागत. न्हावी म्हणायचा, "चाचा, दाढी तोंडावर दिसतीया की!" चाचा म्हणत, "उद्या परत वाढल. मंग?"

लहानथोर सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत. पाणक्याला, हॉटेलात कपबशा धुणाऱ्याला, भांडायला आलेल्या माणसाला. ही नाक्यावरची शिस्त. "तुम्ही म्हटलं की माणूस खोटं कमी बोलतो," ते सांगत. "तू म्हटलं की त्याला वाटतं, ह्यानं आपल्याला चोर धरलंच हाय. मंग तो चोरागत वागतो."

नोकरी गेल्यावर ते अर्जनवीस झाले. तहसील कचेरीसमोर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. आधी कचेरीचा कारभार उर्दूत होता, तो मराठीत आला. मग पंचेचाळिशीच्या पुढं चाचा बालबोध अक्षर शिकले. अक्षर असं काढत की कारकून अर्ज वाचायच्या आधी थोडा वेळ नुसता बघत बसे. मराठीचा मजकूर मात्र त्यांना खात्रीचा वाटत नसे. मी तेव्हा मॅट्रिक होऊन नोकरीच्या आशेवर दिवस काढत होतो. रिकामाच असायचो. चटईच्या कडेला बसून त्यांचे अर्ज वाचून बघायचो, कुठं काही खटकलं तर दुरुस्त करायचो. त्याबद्दल ते मला चहा पाजत. पाजल्याची नोंदही ठेवत असावेत.

अर्जाच्या खाली 'लिहून देणार' म्हणून ते सही करत, एकदा उर्दूत आणि एकदा बालबोधीत. दोन्ही सह्या एकमेकींसमोर. लोकांना त्या सहीचा मोठा भरवसा होता. सास्तूरकडची, लोहाऱ्याकडची माणसं मोटारीतून उतरली की दुसरे दोन अर्जनवीस हाका मारत असताना सरळ चाचांच्या चटईवर यायची. "नाकेदारानं लिव्हलंय म्हंजे कचेरी काय म्हणत न्हाय," असं ऐकलेलं मला आठवतं. चाचांकडं दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं, पेन्शन अडकून पडलेली होती. तेवढी सही होती.

निवडणूक जवळ आली की त्यांच्या अंगात वारं भरायचं. मोटार अड्ड्याजवळच्या हॉटेलात संध्याकाळी आमची मंडळी बसायची. मी एका पक्षाचं काम करत होतो. पक्षाचं नाव सांगून आता उपयोग नाही. वकिलाकडं कारकुनी करणारा एक तरुण दुसऱ्या पक्षाचा होता. आमचा पक्ष म्हणायचा, बड्या कंपन्यांवर कर वाढवू आणि त्या पैशात गोरगरिबांची सोय करू. त्यांचा पक्ष म्हणायचा, कंपन्यांवरचा कर उतरवा, म्हणजे गिरण्या येतील आणि पोरांना कामं मिळतील. आम्ही दोघंही वर्तमानपत्रातलं वाचून एकमेकांवर ओरडायचो. कंपनी आम्हा दोघांपैकी कुणीही आतून बघितलेली नव्हती.

"कंपनीवर कर म्हंजे कुणावर वो?" हॉटेलवाल्या मामांनी एकदा विचारलं. "कंपनी म्हंजे काय माणूस हाय का?"

"कागदावरचा माणूस," चाचा म्हणाले. "त्याला पोट न्हाय, खिसा हाय."

मग त्यांनी वकिलाच्या कारकुनाला धरलं. "तुम्ही कर उतरवणार. बरं. किती उतरवल्यावर उमरग्यात किती गिरण्या येतील? आणि मालकानं त्या पैशात गिरणी न काढता मोटार घेतली तर?"

"चाचा, असं कुटं लिहून देत असतेत का?"

"का न्हाय? नाक्यावर लोक गुळाच्या ढेपा लिहून देत होते."

"हा काय तुमचा नाका हाय?"

"नाकाच हाय. पाच वर्षांतनं एकदा उघडतो. बाकीचे दिवस तुमचा माल बिनतपासणीचाच जातो."

हॉटेलात हशा पिकला. मी जास्तच हसलो. चाचा माझ्याकडं वळले.

"आता तुम्ही सांगा. नाक्यावर एक व्यापारी कापड घेऊन यायचा. ताग्यामागं जकात भरायचा, पावती घ्यायचा. पावतीवर नाव त्याचं. आता सांगा, जकात कुणी दिली?"

"व्यापाऱ्यानं."

"न्हाय. सास्तूरच्या बाईनं दिली. दिवाळीला लुगडं घेताना. तिचं नाव पावतीवर कधीच न्हवतं. मी वीस वर्षं त्या बाईची जकात दुसऱ्याच्या नावावर फाडली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही कंपनीवर कर लावा. लावायलाच पायजे, तिला खिसा हाय. पण तिनं तो तेलाच्या डब्यावर चढवू नये, यासाठी तुमचा पक्ष काय करणार? हे मला सांगा. बास, एवढंच."

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. प्रत्येक सभेत, प्रत्येक पक्षाला, उभं राहून, हातात पावतीपुस्तक घेऊन. उर्दू मथळ्यावर रेघ मारून त्यांनी वर 'वचन' असं लिहून ठेवलेलं असायचं. पुढाऱ्यानं वचन द्यायचं, चाचांनी ते जसंच्या तसं लिहायचं, पुढाऱ्याच्या माणसानं खाली सही करायची, वरचं पान पक्षाला, मुसन्ना चाचांकडं. तीन निवडणुका ते हे पुस्तक घेऊन फिरले. एकाही माणसानं सही केली नव्हती. पुढारी हसून पाठीवर हात ठेवत, कार्यकर्ते त्यांना बाजूला घेऊन पान खाऊ घालत. पान खाऊन चाचा पुन्हा तोच प्रश्न विचारायला उभे राहत.

त्या संध्याकाळी ते पुस्तक माझ्यासमोर आलं. वकिलाचा कारकून म्हणाला, "करा की सही! आता का गार पडलात?" मी तापलो. बावीस वर्षांचा होतो, आणि आमचा पक्ष खरा आहे यावर माझा मनापासून विश्वास होता. मी म्हणालो, "लिहा."

त्यांनी लिहिलं: कंपन्यांवरचा कर वाढवू, तो तेल, कापड, काडेपेटी यांच्या भावावर चढू देणार नाही, आमच्या पक्षाच्या लोकांच्या कंपन्यांनाही हाच नियम. शेवटचं वाक्य त्यांनी घातलं तेव्हा मला जरा खटकलं, पण माघार कशी घ्यायची? कार्बन सरळ केला आणि सही ठोकली. पूर्ण नाव, खाली रेघ.

चाचा कागदाकडं बघत राहिले. वरचं पान फाडून मला देऊ लागले, मग थांबले आणि म्हणाले, "न्हाय. हे तुमच्या उमेदवाराला मीच देतो, सभेत." नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू पहिला हैस, बेटा," ते म्हणाले. "एवढ्या दिवसांत तू पहिला."

मला 'तू' म्हणालेलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतरचे दहा-बारा दिवस ते मला तूच म्हणत होते. त्यांतल्या एका संध्याकाळी घरी नेलं, चाचींच्या हातचा खिचडा खाऊ घातला. "हा आमचा सहीवाला," अशी ओळख करून दिली.

त्याच संध्याकाळी जेवता जेवता त्यांनी मला नाक्याचा एक रिवाज सांगितला. सळईला काहीतरी लागलं, कडब्याखालून गाठोडं निघालं, की गाडीवान हटकून म्हणायचा, हे माझं नाही. तेव्हा त्याला दोनदा विचारायचं. एकदा भीतीनं माणूस खोटं बोलतो, म्हणून दुसरी संधी. दुसऱ्यांदाही नाही म्हणाला की वाद घालायचा नाही. वहीत 'बेवारस' लिहायचं, गाठोडं जप्त करायचं आणि गाडी सोडून द्यायची.

"खोटं बोलतोय हे दिसत असलं तरी?" मी विचारलं.

"व्हय. दुसऱ्यांदा विचारताना आमी त्याच्या डोळ्यांत बघत न्हवतो. वहीत बघायचं."

"का?"

"शरम वाटायची," चाचा म्हणाले. "आमाला."

आता सभा.

आमचे उमेदवार तेलगिरणीचे मालक. करडई आणि भुईमुगाची मोठी गिरणी. वर्षभरापूर्वी त्यांनी ती लिमिटेड कंपनी केली होती. गावात फक्त पाटी बदललेली दिसली. पाटीवरच्या नव्या शब्दाचा अर्थ चाचांखेरीज कुणी विचारला नव्हता. शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते. गरजू पोरांना नोकऱ्या लावून देत. मलाही त्यांनी शब्द दिला होता. निवडणूक झाली की शाळामास्तरचा हुकूम हातात. वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आई आणि मी. आईनं हुकमाच्या भरवशावर माझ्यासाठी मुलगी बघायला सुरुवात केली होती. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. म्हणजे, सबब म्हणूनच लिहितोय बहुतेक. तरी लिहितो.

बाजाराचा दिवस, दुपारचे चार. हैदराबाद रस्त्याच्या कडेला मैदानात मांडव. रस्त्यावरून ट्रक गेला की कर्ण्यातला आवाज बुडायचा आणि शेठ ट्रक जाईपर्यंत थांबायचे. मी व्यासपीठाच्या पायरीशी माईकची वायर सांभाळत उभा होतो. शेठ म्हणाले, आमचं सरकार बड्या कंपन्यांना कराच्या चरकात घालील. टाळ्या पडल्या. चाचा उठले.

"बसा चाचा, बसा!" "आले नाकेदार!" "सळई आणली का वो?"

चाचा सावकाश पुढं आले. प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी कागद वर केला. "शेठजी, ह्या वेळी प्रश्न न्हाय. वचन मिळालंय. तुमच्या पक्षाच्या माणसानं लिहून दिलंय, सहीनिशी. तुमची गिरणी आता कंपनी झाली. हा नियम तुमच्या तेलालाही लागू हाय, असं ह्यात लिव्हलंय. तुम्ही सगळ्यांसमोर फकस्त 'मंजूर' म्हणा. मी घरी जातो."

बाजारात आलेल्या बाया डोक्यावरची तेलाची भांडी खाली ठेवून ऐकायला लागल्या. शेठनी कागद घेतला. वाचला. शेवटच्या वाक्याशी त्यांची मान ताठ झाली. मग खालचं नाव वाचून त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाचांनी माझं नाव घेतलं नव्हतं. माझ्याकडं बोटही केलं नव्हतं.

"ही सही तुझी का रे?" शेठनी विचारलं. माईक चालू होता.

एक ट्रक येत होता. मला वाटलं, तो गेल्यावर उत्तर देऊ. तो गेला.

"नाही," मी म्हणालो.

कर्ण्यातून तो शब्द बाजारभर गेला. सही माझी होती.

मांडवात खसखस पिकली. शेठच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "ऐका! निजामाच्या नाक्यावर खोट्या पावत्या फाडायची सवय अजून गेलेली नाही ह्यांची. आता आमच्या पोरांच्या नावानं सह्या करायला लागले!" लोक हसले. मागून कुणीतरी तो एक शब्द ओरडलं. विलीनीकरणाआधीच्या त्या वाईट वर्षात आमच्या मुलखात जे घडलं, त्यातून शिवी होऊन आलेला शब्द. तो मी इथं लिहीत नाही. चाचांचा त्या प्रकाराशी काही संबंध नव्हता, हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक असणार.

चाचांच्या पिशवीत मुसन्ना होता. माझ्या हस्ताक्षरात दुरुस्त केलेल्या अर्जांच्या कच्च्या प्रती होत्या, त्यांतल्या कित्येकांवर गंमत म्हणून केलेल्या माझ्या सह्या होत्या. पिशवी उघडून समोर धरली असती तर लहान मुलालाही कळलं असतं. मी त्या पिशवीकडं बघत होतो. त्यांनी ती उघडलीही. मुसन्ना काढला, पेन काढलं. आणि माझ्याजवळ येऊन, कागदाकडं बघत, हळू आवाजात विचारलं, "तुमची न्हाय?"

तुमची.

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी मान हलवली. मुसन्ना सळईच्या मुठीवर टेकवून त्यावर एक शब्द लिहिला. सुंदर अक्षर होतं. मला उलटं दिसत होतं तरी वाचता आलं. मग पेनाला टोपण लावून, कागद घडी करून, ज्या वाटेनं आले त्या वाटेनं गेले. सळई त्या दिवशी त्यांनी जमिनीला टेकवली नाही. काखेत धरली होती.

शेठ निवडून आले. महिनाभरात मला हुकूम मिळाला.

चाचांचं काय झालं, ते एकदम झालं नाही. आधी कचेरीतला एक कारकून गमतीनं म्हणाला, "चाचा, ही सही अर्जदाराचीच ना?" मग ती गंमत सगळ्यांची झाली. मग एका वाटणीच्या अर्जावर पलीकडच्या वकिलानं खरोखरच हरकत घेतली, की लिहिणाऱ्याची ख्याती बघता सह्या तपासाव्यात. अर्ज लटकला. लोहाऱ्याकडची माणसं मोटारीतून उतरली की आता आधी विचारायची, 'खोट्या सहीवाला नाकेदार' कोणता. आणि कळलं की शेजारच्या चटईवर बसायची. वर्षाभरात चाचांनी चटई गुंडाळली. चाची घरी वाकळा शिवून देऊ लागल्या. बाजारात चाचा दिसत, पण पोत्यात सळई खुपसत नसत. दुकानदारच म्हणायचा, "बघा की चाचा, आज बघत न्हाय?" ते हसून पुढं जात.

मी एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. लग्नाची पत्रिका द्यायला, असं स्वतःला सांगून. चाचींनी दार उघडलं. "लई दिवसांनी आलाव," म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्यांना काही माहीत नव्हतं की सगळं माहीत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. चाचांनी चहा दिला. नव्या अर्थसंकल्पात कंपन्यांवरचा कर थोडा वाढला होता आणि तेलाचा भावही वाढला होता. त्यावर ते बोलले, राग नसलेल्या आवाजात, हवापाण्यावर बोलावं तसं. मग आपल्या अडकलेल्या पेन्शनीचा अर्ज पुढं केला. "जरा बघता का? मराठीचं तुमाला कळतं." मी बघितला. दोन ठिकाणी दुरुस्ती केली. अर्जाच्या खाली 'लिहून देणार' म्हणून जागा कोरी होती. ते बोलतील अशी वाट बघत राहिलो, जणू बोलायची पाळी त्यांची होती. पत्रिका ठेवून उठलो.

पुढची निवडणूक आली. शिक्षकांना मतदान केंद्रावर काम लावतात. बहुधा दुसऱ्या गावी पाठवतात, पण त्या वेळी ऐनवेळी एकजण आजारी पडला आणि मला उमरग्यातच, मुलींच्या शाळेत बसवलं. केंद्राध्यक्ष तुळजापूरकडचे, कडक आणि सरळ गृहस्थ. मी पहिल्या टेबलावर, यादी घेऊन. दहाच्या सुमारास चाचा आले. फार उतरले होते. शेरवानी धुतलेली, गुंड्या सगळ्या लावलेल्या. मी यादीत नाव शोधत होतो. खरं तर ते मला सकाळपासून ठाऊक होतं.

पक्षांचे प्रतिनिधी बाकावर बसले होते. त्यांतला एक शेठचा भाचा. तो उठून म्हणाला, "हरकत. यादीत वय बावन्न हाय. ह्यांच्याकडं बघा, सत्तरचे दिसतेत. आणि ह्यांच्या सह्या खोट्या असतेत, सगळ्या उमरग्याला ठावं हाय. माणूस तरी खरा कशावरून?"

बाकावरचे बाकीचे हसले.

नियम असा होता: हरकत घेणाऱ्यानं दोन रुपये भरायचे, केंद्राध्यक्षांनी चौकशी करायची, आणि हरकतीच्या मतांच्या यादीत मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. भाच्यानं दोन रुपये टेबलावर टाकले. केंद्राध्यक्षांनी पावतीपुस्तक काढलं. पावती फाडून त्याला देणार, तेवढ्यात चाचा किंचित वाकले. "तारीख राहिली, साहेब," ते म्हणाले.

केंद्राध्यक्षांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बघितलं, तारीख घातली, आणि मला विचारलं, "मास्तर, तुम्ही इथलेच. ओळखता का ह्यांना?"

"ओळखतो," मी म्हणालो.

"नक्की हेच?"

"हेच. खूप वर्षं ओळखतो."

दोनदा विचारलं, दोनदा मी खरं सांगितलं. चाचा यादीच्या कागदाकडं बघत उभे होते. मला वाटलं, आता पुढचंही तोंडातून निघेल. तिथं भाचा होता, साक्षीला सरकार होतं, दोन वाक्यांचं काम होतं. मी पेन उघडून त्यांच्यापुढं धरलं. "इथं सही करा, चाचा."

त्यांनी पेन घेतलं नाही.

"अंगठा घ्या," ते म्हणाले.

"अहो, तुम्हाला तर उत्तम लिहिता येत असणार," केंद्राध्यक्ष म्हणाले. "पावतीवरची चूक आत्ता तुम्हीच काढलीत."

"येतं, साहेब. दोन लिप्यांत येतं. पण सहीला माणूस 'माझी न्हाय' म्हणू शकतो. अंगठ्याला न्हाय म्हणता येत न्हाय." आवाजात टोमणा नव्हता. अनुभवी माणसानं कामाची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. "घ्या."

शाईची गादी माझ्या टेबलावर होती. मी त्यांचा अंगठा हातात धरला. मुठीतल्या सळईनं वर्षानुवर्षं घासून त्याच्या मुळाशी घट्टा पडला होता, तो तसाच होता. अंगठा गादीवर टेकवला, मग यादीवर, डावीकडून उजवीकडं अलगद फिरवून दाबला. ठसा स्वच्छ उठला. चाचांनी तो नीट निरखला. माझ्याकडं बघितलं नाही. मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेले, शिक्का मारला, पेटीत टाकली आणि भिंतीच्या आधारानं पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर मी त्यांना चालताना बघितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले. मी तेव्हा ईट गावी बदलून गेलो होतो. बातमी आठ दिवसांनी कळली.

त्या दिवशी ते गेल्यावर मतदारांची रांग जरा तुटली. केंद्राध्यक्ष माझ्याकडं वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "काय हो मास्तर, हे सहीचं काय प्रकरण आहे?"

चाचांच्या अंगठ्याची शाई माझ्या बोटांना लागली होती. मी ती रुमालानं पुसत होतो.

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "जरा विक्षिप्त आहेत."